मूल घोरते तेव्हा

आजचा विषय खरे म्हणजे माझा नव्हे. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. कविता, नाटक, कादंबरी हा माझा धंदा. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकाबरोबर सुटला. तेव्हा लहान मुलांच्या घोरण्यावर मी बोलणार आहे हे कळल्यावर घरातून शेरा आला, "बोला ना, त्या विषयातला तुमचा अनुभव दांडगाच आहे!" हा टोमणा माझ्या स्वतःच्या घोरण्यावर होता, आणि तो मी निमूटपणे सोसला. पण मला बोलायचे आहे ते माझ्याविषयी नव्हे, माझ्या धाकट्या मुलाविषयी. आणि तुमच्या घरात, तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याच्याविषयी.

आमचे मूळ गाव साकोली तालुक्यात. घर जुने, कवेलूचे. पुढे सपरी, मागे सांदवाडी. सुट्टीत आम्ही तिथे गेलो की मुलगा आजीजवळ निजायचा. वय सात वर्षांचे. अंगाने चांगला भरलेला, गुबगुबीत. गल्लीतल्या बायका त्याचा गालगुच्चा घेतल्याशिवाय पुढे जात नसत. पाठ टेकली की पाच मिनिटांत घोरणे सुरू. आणि ते घोरणे कसे, तर मोठ्या माणसाला लाजवील असे! माझी आई कौतुकाने म्हणायची, "पाय ना जी, लेकरू कसं डाराडूर निजलं हाये. खाल्लेलं अंगी लागते याच्या." आम्ही सारे हसत असू. घोरणे म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे आरोग्य, असा आपल्याकडे पक्का समज आहे. कुंभकर्णाची थट्टा आपण करतो, पण त्याची झोप वाईट होती असे कोणी म्हणत नाही.

आईच्या कौतुकालाही कारण होते. तिने तिच्या तरुणपणी दोन मुले गमावलेली. दोन्ही हडकुळी, आजारी. जिने अशी मुले पाहिली तिला गुबगुबीत नातू म्हणजे देवाचे देणे वाटले, तर तिला बोल कसा लावावा? दूधभातावर तूप, त्यावर आणखी थोडे तूप, आणि दुपारी दुकानातले कुरकुरीत पाकीट. हे पाकीट मात्र आजीचे नव्हे, ते माझे. मागितले की दहा रुपये काढून देणारा मीच.

शाळेतून तक्रारी येत. "लक्ष देत नाही." "जागेवर बसत नाही." "मुलांशी भांडतो." अक्षर वेडेवाकडे, पाढे आज पाठ तर उद्या विसरलेले. शिवाय एक गोष्ट आम्ही कोणाला सांगत नव्हतो. सात वर्षांचा घोडा झाला तरी तो रात्री अंथरूण ओले करी. त्याची आई पहाटे उठून कोणी जागे होण्याआधी चादर धुऊन टाकी. मी त्याला रागावत असे, आणि एकदा सकाळी मी त्याच्या थोबाडीत मारली. शिक्षकाचा मुलगा असून असा, ही माझी चीड होती. तो रडला नाही. तोंड उघडे टाकून माझ्याकडे नुसता पाहत राहिला. त्याचे तोंड नेहमीच उघडे असे. त्याचाही अर्थ मी मंदपणा असाच लावला होता.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात आणि रात्ररात्र नाटके चालतात, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका मंडईला आम्ही गावी होतो. नाटक संपवून मी घरी आलो तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. थंडी पडू लागलेली, त्यामुळे पंखा बंद. गाव निपचित. सपरीत मुलगा घोरत होता. मी चप्पल काढली, आणि घोरणे थांबले. मला वाटले, माझ्या आवाजाने जागा झाला. पाहतो तर झोपलेलाच. मान मागे टाकलेली, कपाळावर त्या थंडीतही घाम. छाती आणि पोट जोरजोराने हलत होते, पण नाकातोंडातून आवाज नव्हता. हात धरून पाहिला, वाराही नव्हता. का कोण जाणे, मी मनात मोजू लागलो. चौदापर्यंत गेलो. मग हुंदका यावा तसा मोठा झटका, अंग आवळले, कूस बदलली, आणि घोरणे पुन्हा सुरू. मी तिथेच बसलो. कोंबडे आरवेपर्यंत हाच प्रकार कितीदा झाला ते मी मोजायचे सोडून दिले.

ज्याला मी सात वर्षे गाढ झोप समजत होतो ती झोपच नव्हती. मूल रात्रभर श्वासासाठी झगडत होते, आणि सकाळी मी त्याला आळशी म्हणत होतो.

या विकाराला डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. ॲप्निया हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ श्वास नसणे. झोपेत घसा बंद पडून श्वास अडणे असे आपण म्हणू. हे कसे होते ते मला एका डॉक्टरांनी चित्र काढून समजावले, पण मला ते खरे कळले ते आमच्या शेतातल्या मोटारपंपावरून. पंपाला दोन बाजूंना पाइप असतात. पाणी बाहेर फेकणारा पाइप मऊ, गुंडाळून ठेवता येईल असा चालतो. पण पाणी ओढणारा पाइप कडकच लागतो. तिथे मऊ पाइप लावून पाहा, पंप ओढू लागताच तो चपटा होतो आणि पाणी बंद. आपला घसा हा असाच ओढणारा, पण मऊ पाइप आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोपेत स्नायू सैल पडतात. मार्ग मुळात रुंद असेल तर काही बिघडत नाही. पण तो अरुंद असेल तर प्रत्येक श्वासागणिक भिंती जवळ येतात, थरथरतात, तो थरथराट म्हणजे घोरणे. आणि भिंती पुऱ्या चिकटल्या की श्वास बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, स्नायू ताणतो, मार्ग उघडतो. मुलाला सकाळी यातले काहीही आठवत नाही.

मुलांत मार्ग अरुंद होण्याचे मुख्य कारण म्हणजे घशातले टॉन्सिल आणि नाकाच्या मागे असणारी ॲडेनॉइड नावाची तशीच गाठ. साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात घशाच्या मानाने या गाठी सर्वांत मोठ्या असतात. नाक बंद, म्हणून तोंड उघडे. दुसरे कारण लठ्ठपणा. चरबी नुसती पोटावर नसते. ती घशाच्या भिंतींतही साठते आणि आतून मार्ग दाबते, आणि पोटाची चरबी उताणे झोपल्यावर फुप्फुसांना खालून रेटते. माझ्या मुलात दोन्ही कारणे होती.

आता माझ्या धंद्याकडे थोडा वळतो. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ साली क्रमशः निघाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. खातो, आणि खाता खाता झोपतो. कामाला पाठवला तर उभ्या उभ्या पेंगतो, आणि घोरतो. मी वर्षानुवर्षे वर्गात या जोवर मुलांना हसवत आलो. पुढे १९५६ साली अमेरिकेत बर्वेल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत छापली. सुमारे १२० किलो वजनाचा गृहस्थ. पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आलेले, म्हणजे डाव जवळजवळ जिंकलेला. आणि त्याच क्षणी त्याला डुलकी लागली, डाव गेला! मग तो डॉक्टरांकडे आला. बर्वेल यांनी त्या दुखण्याला डिकन्सच्या कादंबरीचेच नाव दिले. मुलांच्या बाबतीत पाहावे तर १८८९ साली विल्यम हिल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी मुलांच्या मागासपणाच्या आणि मठ्ठपणाच्या कारणांवर लेख लिहून बंद नाक आणि तोंडाने श्वास घेण्याकडे बोट दाखवले होते. ऑस्लर यांच्या १८९२च्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथातही टॉन्सिल वाढलेल्या, मंद दिसणाऱ्या मुलाचे वर्णन आहे. तरी झोपेत यंत्रे लावून आठ मुलांचा हा विकार सविस्तर नोंदला गेला तो १९७६ साली, गिलेमिनो यांच्याकडून. म्हणजे गोष्ट ठाऊक असून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ बाजूला पडली. यात माझ्यासारख्या शिक्षकांचाही वाटा असावा. मठ्ठ म्हणून शिक्का मारणे फार सोपे असते.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, बरे, अभ्यासात मागे पडतो, अंथरूण ओले करतो, मोठा झाला की सुटेल. मलाही तसेच वाटले होते. पण डॉक्टरांनी मुलाच्या दंडाला लहान पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. लहान पट्टा मुद्दाम सांगतो. पट्टा दंडाच्या मापाचाच हवा. तो तोकडा पडला तर दाब उगाच जास्त दिसतो. मुलाचा रक्तदाब त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या मानाने वरच्या बाजूला होता. मग त्यांनी विचारले, घरात कोणाला हृदयविकार? माझे वडील एक्कावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांचे घोरणे दोन घरे पलीकडे ऐकू जाई. त्याचाही गावात विनोद होता. ते आठवले आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

रक्तवाहिनी म्हणजे काही नुसती नळी नव्हे. तिला आतून पेशींचे एक पातळ अस्तर असते. ते मोजून एका पेशीइतकेच जाड, पण काम मोठे करते. रक्त जास्त हवे असेल तेव्हा ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते, त्याने वाहिनी सैल पडते आणि रुंद होते. हे कोडे फर्चगॉट या शास्त्रज्ञांनी १९८० साली सोडवायला घेतले, आणि १९९८ साली त्यांना इग्नारो आणि मुराद यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अस्तर धड असेल तर रक्त सुरळीत वाहते; ते बिघडले की वाहिन्या ताठर होऊ लागतात, त्यांच्यात चरबी चिकटू लागते. पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची सुरुवात तिथे होते.

श्वास अडणाऱ्या मुलात रात्री काय होते? प्राणवायू उतरतो आणि चढतो, उतरतो आणि चढतो. दर वेळी शरीर घाबरल्यासारखे होते, नाडी धावते, दाब उसळतो. ज्या वेळी हृदयाने विसावा घ्यायचा त्या वेळी ते धावत असते. या चढउतारात शरीरात दाहक द्रव्ये तयार होतात आणि अस्तराचा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. डेव्हिड गोझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांवर याचा अभ्यास केला. पद्धत सोपी आहे. हाताला पट्टा बांधून काही वेळ रक्त अडवायचे, मग सोडायचे, आणि रक्त किती वेगाने परत उसळते ते पाहायचे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात मुले लठ्ठ नव्हती, शाळकरी वयाची होती, तरी ज्यांचा श्वास रात्री अडे त्यांच्या वाहिन्या मंद उत्तर देत होत्या. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढल्यावर काही महिन्यांत बहुतेकांच्या वाहिन्या सुधारल्या. ज्या थोड्यांच्या सुधारल्या नाहीत, त्यांच्या घराण्यात हृदयविकार होता. पुढच्या कामात असेही दिसले की लठ्ठपणा आणि श्वास अडणे हे दोन्ही आपापल्या परीने अस्तराला इजा करतात, आणि दोन्ही एकत्र आले की इजा वाढते.

आता लठ्ठपणाविषयी. तुम्ही म्हणाल, भंडाऱ्याच्या खेड्यात लठ्ठ मुले कुठली? इथे कुपोषण आहे. ते खरेच आहे, आणि त्याचा विसर पडता कामा नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले देशात २०१५-१६ साली शंभरात २.१ होती, ती २०१९-२१ साली ३.४ झाली. आकडा लहान, पण वाढतो आहे. आणि याच पाहणीत शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही नांदतात.

आणि वजनकाट्यावर सारे दिसत नाही, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे किरकोळ खरी, पण मोजून पाहता कमी होते ते मांस. चरबी जवळपास राखलेली होती. बारीक दिसणारे, पण आतून चरबीचे बाळ! पुढे याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र युडकिन यांनी २००४ साली आपला दोघांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी इंग्रजाच्या अंगी शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगी २१.२! म्हणून आपल्या मुलाकडे बघून "कुठे लठ्ठ आहे?" असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. घरी करता येईल असा एक उपाय आहे. मुलाच्या उंचीइतकी दोरी घ्या, ती मधोमध दुमडा, आणि अर्धी दोरी त्याच्या कमरेभोवती, बेंबीच्या पातळीवर गुंडाळा. टोके भेटली तर ठीक. भेटत नसतील तर पोटावर चरबी जास्त आहे. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला हे माप चालते. मी माझ्या मुलाला लावली तेव्हा चार बोटे दोरी कमी पडली. मग मी स्वतःला लावली; ते सांगत नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचा आजार किती घरांत आहे हे तुम्ही जाणता. त्यात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या अडवतात. अशा मुलांत टॉन्सिल वाढून झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण जास्त आढळते. आणि प्राणवायू रात्रीच उतरत असेल तर ते या मुलांना दुहेरी संकट आहे. अशा मुलांत मेंदूच्या रक्तपुरवठ्याला धोका वाढतो असे दिसले आहे. तेव्हा सिकलसेलचे मूल घोरत असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर हा आजार आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. भूल देण्यापूर्वी त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुम्हाला थोडे सांगतो, कारण मी हुकलो ते तुमच्या हाती सापडण्यासारखे आहे. मोठ्या माणसाची झोप अपुरी झाली तर तो पेंगतो. लहान मूल बहुधा पेंगत नाही. ते उलट चळवळे होते, चिडते, एका जागी टिकत नाही. म्हणून आपण त्याला द्वाड म्हणतो. वर्गात तोंड उघडे ठेवून बसणारा, नाकातून बोलणारा, सकाळी डोके दुखते म्हणणारा, सहलीला किंवा मुक्कामाला यायला टाळणारा मुलगा दिसला तर त्याच्या पालकांना एकच प्रश्न विचारा: "रात्री घोरतो का?" सहलीला का टाळतो हे कळले ना? अंथरूण ओले होईल ही त्याला भीती असते. तुम्ही विचारलेल्या या एका प्रश्नाने त्याचे वर्ष वाचेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीला येते, त्यांच्यापुढे असे मूल मुद्दाम उभे करावे. झोपेच्या तासांबद्दलही सांगून ठेवतो: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तो याच विचाराने. पण रात्री अकरापर्यंत मोबाइल हाती असेल तर शाळा नऊला भरून काय उपयोग?

पालकांनी काय पाहावे? सर्दीपडशात कोणतेही मूल चार दिवस घोरते, त्याची चिंता नको. पण आठवड्यातल्या तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल, मध्येच आवाज थांबून झटका येत असेल, घाम येत असेल, मान मागे टाकून किंवा बसल्यासारखे होऊन झोपत असेल, तर दाखवावे. मोबाइल शाप की वरदान यावर आपण निबंध लिहितो. इथे तो वरदान आहे. मूल झोपल्यावर एक-दोन तासांनी, छाती आणि चेहरा दिसेल अशी पाच मिनिटांची चित्रफीत काढा आणि डॉक्टरांना दाखवा. मी हे केले नव्हते, आणि तोंडी सांगत राहिलो, म्हणून पहिल्या दोन डॉक्टरांनी खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले. करोनाच्या दिवसांत घरोघर बोटाला लावायचे प्राणवायूचे यंत्र आले आहे. ते दिवसा लावून "सत्त्याण्णव आहे, ठीक आहे" असे म्हणू नका. दिवसाचा आकडा रात्रीचे काही सांगत नाही.

नक्की निदान होते ते एक रात्र रुग्णालयात झोपवून. डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावतात, नाकाशी एक नळी ठेवतात, आणि श्वास, नाडी, प्राणवायू रात्रभर नोंदवतात. टोचणे नाही, दुखणे नाही. आम्ही नागपूरला गेलो. मुलाला त्या तारांची गंमतच वाटली. मोठ्या माणसात तासाला पाच वेळेपर्यंत श्वास अडला तरी चालवून घेतात, मुलात तासाला एकाहून जास्त वेळा अडला तरी ते दुखणे मानतात. माझ्या मुलाचा आकडा सतरा होता.

यावर पहिला उपाय बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया. पण घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला लगेच टेबलावर न्यावे असे मात्र नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच ते नऊ वर्षांची, त्रास फार तीव्र नसलेली ४६४ मुले. अर्ध्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, अर्ध्यांना देखरेखीखाली ठेवले. सात महिन्यांनी झोपेची तपासणी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७९ मुलांत सुधारून सामान्य झाली. नुसत्या देखरेखीतल्यांतही शेकडा ४६ मुलांत झाली. बुद्धीच्या आणि अवधानाच्या मुख्य कसोटीवर मोठा फरक दिसला नाही. वागणूक आणि रोजचे जगणे मात्र शस्त्रक्रियेने स्पष्ट सुधारले. सौम्य त्रासात डॉक्टर नाकात मारायचा फवारा देऊन पाहतात. लठ्ठ मुलात शस्त्रक्रियेनंतरही काही त्रास उरू शकतो. मग कधी रात्री नाकावर मुखवटा लावून दाबाने हवा देणारे यंत्र वापरावे लागते. ते १९८१ साली ऑस्ट्रेलियात सलिव्हन यांनी आणले. आणि चुलीचा धूर, बिडीचा धूर? बाप बिडी ओढतो त्या घरात मूल जास्त घोरते. आपल्या जिल्ह्यात बिडीवर कित्येक घरे जगली आहेत, हे ठाऊक असूनही सांगावे लागते.

"टॉन्सिल काढले तर लेकराची ताकद जाईल," असे माझी आई रडत म्हणाली. शरीराची सारी राखण त्या दोन गाठींवर नसते, तशी कामे करणाऱ्या गाठी इतरत्र भरपूर आहेत. खरी काळजी दुसरीच. शस्त्रक्रियेनंतर पहिले दहा-बारा दिवस घशातून रक्त येण्याचा धोका असतो. थोड्या मुलांत येते. रक्त दिसले तर रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठायचे. आम्ही म्हणून ते दिवस गावी न जाता शहराजवळच राहिलो. खर्चाच्या बाबतीत, शासकीय योजनेत काय बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे, मागाहून नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र मला विसरता येत नाही. घरात शांतता. इतकी, की माझी झोप उडाली. मी दोनदा उठून त्याच्या नाकाशी बोट धरले. तिसऱ्यांदा उठलो तर माझ्या आधी आई तिथे बसलेली, तिचे बोट त्याच्या नाकाशी. अंथरूण ओले होणे महिना-दीड महिन्यात थांबले. अक्षर अजून वेडेवाकडेच आहे. ते घराण्यातच असावे.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. घसा मोकळा झाल्यावर मुले भराभर वजन घेतात. किडकिडीत मुलाला ते वरदान. आमच्या मुलाला ते परत खड्ड्यात घालणारे. तीन महिन्यांत अडीच किलो वाढले. मग घरात बैठक भरली. पाकीट बंद झाले, म्हणजे माझे दहा रुपये बंद झाले. तूप राहिले, पण एकदाच. संध्याकाळी एक तास मैदान, आणि तिथे मीही जायचे असे ठरले, कारण नुसते पाठवले तर तो कट्ट्यावर बसून येई. उपाशी ठेवले नाही. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. वजन तिथेच थोपवायचे आणि उंची वाढू द्यायची, हा डॉक्टरांचा हिशेब. वर्षभराने दोरीची टोके भेटली. रक्तदाब खाली आला आहे, पण घराण्याची गोष्ट असल्याने दर वर्षी पाहायला सांगितले आहे.

ज्या सकाळी मी त्याला मारले होते ती त्याला आठवते का, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "हो, आठवते." मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाबा, आता तुम्हीच घोरता."

तेव्हा परत सुरुवातीच्या थट्टेकडे येतो. त्याने म्हणे एका रात्री माझा श्वास मोजला. माझ्या दंडाला डॉक्टरांनी मोठा पट्टा बांधला, आणि पुढच्या महिन्यात नागपूरला त्याच तारा लावून मी निजणार आहे. मुलगा बरोबर येणार म्हणतो. घाबरायचे काही नसते, फक्त नाकाजवळच्या नळीने शिंक येते, असे त्याने मला समजावले आहे.